मोठ्या स्केलचं रेझिन जेट बांधायचंय? सारखे सारखे येणारे प्रश्न

ओझरला १९६४ पासून एचएएलचा विमान कारखाना आहे, त्यामुळे नाशकात ज्याच्या नात्यात कुणीच मिगवर काम केलेलं नाही असा माणूस शोधावा लागतो. मग कधीतरी वाटतं की घरात त्या विमानाचं एक चांगलं मोठं मॉडेल पाहिजे, नेटवर शोधताना 'फुल रेझिन किट' असं काहीतरी दिसतं आणि मेसेज येतो, "भाऊ, घेऊ का?" तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकत्र लिहून काढलंय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर.

१. रेझिन किट म्हणजे नक्की काय? प्लास्टिकच्या किटपेक्षा वेगळं काय?

प्लास्टिकचं किट स्टीलच्या डायमधून निघतं, डाय प्रचंड महाग असते म्हणून कंपनी खपणारीच विमानं काढते. रेझिनमध्ये आधी एक मास्टर (मूळ नमुना) बनवतात, त्यावर सिलिकॉन रबरचा मोल्ड घेतात आणि त्यात दोन भाग मिसळून केलेलं पॉलियुरेथेन ओततात. रबरचा मोल्ड काही डझन कास्टिंगमध्येच फाटायला लागतो, म्हणून हे काम छोट्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचं आहे आणि म्हणूनच जी विमानं मोठ्या कंपन्या कधीच काढणार नाहीत ती इथे मिळतात. डिटेल भारी असतं, पण प्रत्येक पार्टला ओतताना राहिलेला जाड ठोकळा चिकटलेला असतो, कुठे बुडबुडे असतात, कुठे पंख वाकलेला असतो. थोडक्यात तुम्हाला अर्धा तयार माल मिळतो आणि उरलेलं फिनिशिंग तुमच्याच टेबलावर होतं. बॉक्सवरचा फोटो बघून घेतलेल्यांचा हिरमोड इथेच होतो.

२. मी आजवर एकही मॉडेल केलेलं नाही, डायरेक्ट रेझिनपासून सुरू करू का?

नको. आधी १/७२ ची (म्हणजे खऱ्याच्या ७२ व्या भागाएवढी) किंवा १/४८ ची दोन-तीन प्लास्टिकची करा, एकात तरी सांधा भरून घासायचा अनुभव घ्या.

आणि मिग-२१ च हवं असेल तर पूर्ण रेझिनची गरजच नाही, ट्रम्पेटर कंपनीचं १/३२ मिग-२१ प्लास्टिकमध्ये आहे, त्यात रेझिनचं कॉकपिट आणि रेझिनची चाकं घाला, निम्म्या त्रासात तितकंच देखणं होतं. पूर्ण रेझिन अशा विमानासाठी ठेवा जे त्या स्केलमध्ये दुसरीकडे मिळतच नाही.

३. १/३२ म्हणजे घरात किती जागा लागेल?

खऱ्या मापाला ३२ ने भागा, झालं. मिग-२१ बिस पुढच्या पिटॉट नळीसकट (नाकावरची वेग मोजायची बारीक नळी) १५.७६ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण ४९ सेंटीमीटर लांब, पंखांचा पसारा फक्त २२ सेंटीमीटर. एचएफ-२४ मरुत लांबीला तेवढंच, पण रुंदीला २८. मिग-२७ चे पंख पसरलेले दाखवले तर ४४ सेंटीमीटर आणि मागे घेतलेले दाखवले तर २४, कपाट छोटं असेल तर हा सरळ मार्ग. सुखोई-३० एमकेआय मात्र ६८ बाय ४६ होतं, १/२४ मध्ये तर ९१ बाय ६१, म्हणजे टीव्ही युनिटवर टीव्ही तरी राहील किंवा सुखोई. काचेचं कपाट करून घेणार असाल तर सगळीकडून चार-पाच सेंटीमीटर जास्त धरा, कारण पिटॉट नळी सगळ्यात आधी मोडते आणि ती मोडते कपाटाच्या दारानेच.

४. नाशिकमध्ये मिळतं का? बाहेरून मागवलं तर किती पडतं?

मोठ्या स्केलचं पूर्ण रेझिन जेट इथल्या दुकानात मिळेल ही आशा सोडा, ते बनवणाऱ्याकडूनच मागवावं लागतं. पूर्ण किट दोनशे डॉलरच्या खाली क्वचितच असतं, वर कुरिअर, वर कस्टम्स. खेळण्यांवरची बेसिक ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर, मॉडेल किटही त्याच सदरात मोजलं जाऊ शकतं. ऑर्डर देण्याच्या दिवशीचा दर बघूनच हिशोब करा, आणि कुरिअरवाला स्वतःची हँडलिंग फी वेगळी लावतो ती विसरू नका. विक्रेत्याला 'किंमत कमी दाखव' असं सांगणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की पार्सल हरवलं तर विमाही तेवढ्याच किमतीचा मिळतो.

रंग आणि थिनर बाहेरून मागवू नका, ज्वलनशील म्हणून विमानाने पाठवतच नाहीत. ते इथे मिळतं, प्रश्न १३ बघा.

५. बॉक्स आला, आता पहिलं काय करायचं?

चिकटवायचं काहीही नाही. इन्स्ट्रक्शन शीट घेऊन एकेक पार्ट मोजा, काही नसेल किंवा तुटलं असेल तर फोटो काढून लगेच मेल करा, छोटे बनवणारे बहुतेक वेळा नवीन पार्ट पाठवतात पण सहा महिन्यांनी सांगितलंत तर मोल्डच उरलेला नसतो.

मग धुणं. मोल्डमधून पार्ट सुटावा म्हणून तेलकट रिलीज एजंट मारलेला असतो, तो राहिला तर प्रायमर सालीसारखा निघतो. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना टूथब्रश. छोटे पार्ट चहाच्या गाळणीत ठेवून धुवा नाहीतर सिंकमधून थेट गोदावरीत. पाणी कोमटच, गरम नको, का ते प्रश्न ९ मध्ये.

६. ते जाड ठोकळे कापायचे कशाने? कटरने होत नाही.

कटरने होणारच नाही, जोर लावलात की पार्टचा टवका जातो किंवा बोटाचा. सराफ बाजारात सोनारांच्या अवजारांची दुकानं आहेत तिथे जा. सोनाराची करवत, तिची बारीक पाती, छोट्या कानशींचा सेट, अर्धा-एक मिलिमीटरची ड्रिल बिट्स आणि ती हाताने फिरवायचा पिन व्हाइस, हे सगळं तिथे मिळतं आणि 'हॉबी टूल' असं लिहून विकतात त्यापेक्षा स्वस्तात. पाती डझनाने घ्या, पहिल्या दिवशी निम्मी मोडतात.

कापताना रेषेवर कापू नका, मिलिमीटरभर बाहेरून कापा आणि उरलेलं सपाट काचेवर वॉटर पेपर ठेवून पाण्यात घासून काढा, आधी २४० मग ४००. पंखाच्या मुळाशी तर फारच सावकाश, कारण तिथे अर्धा मिलिमीटर तिरकं गेलं की पंखाचा कोन बदलतो आणि टोकाला ते तीन-चार मिलिमीटर दिसतं. दर थोड्या वेळाने पार्ट जागेवर लावून बघा. मोठ्या किटमध्ये सगळ्यात जास्त वेळ ह्यात जातो, रंगात नाही, आणि ज्यांना हे घासणं रटाळ वाटतं त्यांनी खरंच रेझिन घेऊ नये, तुमचा आणि किटचा दोघांचाही अपमान आहे.

७. रेझिनची धूळ खरंच विषारी असते का? घरात लहान मुलं आहेत, फ्लॅट टू बीएचके.

घट्ट झालेलं रेझिन हाताळायला काही धोका नाही. धूळ मात्र अतिशय बारीक असते, फुप्फुसात जाऊन बसते, घसा आणि डोळे चुरचुरतात आणि दमा असणाऱ्याला त्रास होतो. म्हणून जमेल तेवढं सगळं पाण्यात घासा, म्हणजे धूळ उडतच नाही, गाळ होतो. करवत आणि ड्रिल चालवताना एन९५ मास्क घाला, रुमाल बांधून काही होत नाही. गाळाचं पाणी बादलीत राहू द्या, खाली बसलं की वरचं पाणी ओता आणि गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात. ओट्यावर आणि डायनिंग टेबलवर हे काम करायचं नाही, ह्यावर चर्चा नको. बाल्कनीत करा, पंखा बंद ठेवून, नंतर ओल्या फडक्याने पुसा. झाडू मारलात तर सगळी धूळ परत हवेत.

सुपरग्लूचा वासही डोळ्यांना झोंबतो, आणि तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला की इतका तापतो की भाजतं, तेव्हा पुसायला कापूस घेऊ नका.

८. कोणता गोंद? माझ्याकडे प्लास्टिक मॉडेलचा सिमेंट पडून आहे.

तो इथे निरुपयोगी. प्लास्टिक सिमेंट पॉलिस्टायरीन वितळवून जोडतो, पॉलियुरेथेनवर त्याचा काही परिणाम होत नाही. छोट्या पार्टना सुपरग्लू, फेविक्विक पण चालतो फक्त तो फार पातळ आणि लगेच धरतो, जागेवर सरकवायला वेळच देत नाही, म्हणून जाडसर सुपरग्लूची एक बाटली घेऊन ठेवा. वजन पेलणाऱ्या जोडांना अराल्डाइट, तेही पाच मिनिटांवालं नको, साधं सावकाश सुकणारं. डिसेंबरात आपल्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते तेव्हा ते सकाळपर्यंतही कच्चं राहतं, एक दिवस जास्त द्या.

सुपरग्लूचा जोड ओढ सहन करतो पण आडवा झटका नाही. म्हणून पंख आणि शेपटी नुसती चिकटवायची नाहीत, आत पितळी सळई घालायची. पंखाच्या मुळात दोन भोकं पाडा, भोकांच्या तोंडाशी रंगाचा थेंब लावा, पंख बॉडीला टेकवा, रंग उमटला तिथे समोरची भोकं. मोठ्या पंखाला दोन मिलिमीटरची सळई, छोट्या फिन्सना टाचणीसुद्धा पुरते.

९. पंख वाकडा निघालाय, किट परत पाठवू का?

थोडा वाकलेला असेल तर परत कशाला, गरम पाण्यात सरळ होतो. पाणी कडकडीत तापवा, गॅस बंद करा, उकळी शांत झाली की पंख अर्धा-एक मिनिट बुडवा, नरम लागला की काढून सपाट काचेवर ठेवा, हाताने हलकं दाबा आणि तसाच थंड पाण्यात घाला. एका वेळी नाही झालं तर परत करा. पातळ कडा सगळ्यात आधी नरम पडतात तेव्हा चिमट्याने तिथे धरू नका.

ह्याच कारणाने पूर्ण झालेलं मॉडेल मे महिन्यात बंद गाडीत ठेवून मुंबई नाक्याला जेवायला जायचं नसतं. पश्चिमेच्या खिडकीतही ठेवू नका. उन्हाने पंख हळूहळू खाली येतात, आतल्या सळया (प्रश्न ८) थोडं वाचवतात, पूर्ण नाही.

१०. बुडबुड्यांची भोकं कशी भरायची? एम-सील लावू का?

एम-सील मोठ्या खड्ड्याला ठीक आहे, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकाला नाही. सुपरग्लूत थोडी टाल्कम पावडर कालवा, सुईने भोकात भरा आणि तासाभरात घासून टाका, रात्रभर ठेवलंत तर ते रेझिनपेक्षा कडक होतं आणि मग आजूबाजूचंच रेझिन झिजतं. भोकाचं तोंड छोटं आणि आत पोकळी मोठी असेल तर आधी ड्रिलने तोंड मोठं करा, नाहीतर वरवर भरलं जातं आणि प्रायमर मारल्यावर परत दिसतं.

११. मॉडेल शेपटीवर बसतंय आणि पुढचं चाक हवेत. शिवाय चाकांचे पाय वाकायला लागलेत.

दोन वेगळे आजार आहेत पण एकत्रच येतात. रेझिनचे पार्ट बरेचदा भरीव असतात, त्यामुळे मोठं जेट हातात घेतलं की चांगलंच जड लागतं. जेटची मुख्य चाकं मधोमध आणि मागे इंजिनचा सगळा भाग, म्हणजे तोल मागे जाणार. बॉडी बंद करण्याआधी सगळे मोठे पार्ट टेपने लावून मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून बघा, मग नाकात वजन घाला. मिग-२१ ला नाकातला शंकू मिळतो, तो पोकळ असेल तर भरा, उरलेलं कॉकपिटच्या आजूबाजूला. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायचं शिसं मिळतं ते उत्तम. फक्त ते फेव्हिकॉलने चिकटवू नका. शिसं आणि पांढरा गोंद ह्यांची रिअ‍ॅक्शन होऊन ते फुगतं आणि दोन-चार वर्षांनी बॉडीचा सांधा आतून फाटतो. अराल्डाइट वापरा. नाक जितकं लांब तितकं कमी वजन पुरतं, म्हणून शक्य तेवढं पुढे घाला, कारण घातलेला प्रत्येक ग्रॅम शेवटी पायांवरच येतो.

आता पाय. नुसत्या रेझिनचा पाय आज सरळ दिसतो आणि वर्षभरात वाकतो, त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही, सतत भार असला की ते मटेरियल हळूहळू सरकतंच. चांगल्या किटमध्ये पाय व्हाइट मेटलचे असतात किंवा रेझिनच्या आत तार ओतलेली असते. तसं नसेल तर पितळी नळी घेऊन स्वतः करा. व्हाइट मेटलही मऊच, सुखोईच्या आकाराला पितळच हवं. एवढा उपद्व्याप नको असेल तर चाकं आत घेतलेलं उडतं विमान करून स्टँडवर लावा, माझ्या मते मिग-२७ असंच जास्त शोभतं.

१२. वडील ओझरला होते, त्यांनी जोडलेलं 'तेच' मिग-२१ करायचंय. कोणतं घेऊ?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात कमी माहितीसकट येणारा. ते कोणत्या साली होते ते आधी विचारा. ओझरला मिग-२१ चा आधी एफएल प्रकार झाला, मग एम, मग बिस. हवाई दलात ह्यांना अनुक्रमे टाइप ७७, टाइप ९६ आणि टाइप ७५ म्हणायचे, जुनी माणसं अजून नंबरानेच बोलतात. "आमचं सेव्हन्टी सेव्हन" म्हणाले की प्रश्न मिटला.

दिसायला फरक असा: एफएलची पाठ बारीक, पिटॉट नळी नाकावर मधोमध, आत तोफ नाही आणि पंखाखाली दोनच पायलन (शस्त्रं टांगायचे आकडे). १९७१ ला पोटाखाली जीपी-९ तोफेचा पॉड लावायचे. एम आणि बिसची पिटॉट उजवीकडे सरकलेली, पोटात दुनळी तोफ, पायलन चार. बिसची पाठ कॉकपिटपासून शेपटीपर्यंत जाडजूड. बायसन म्हणजे बिसचंच अपग्रेड, त्याला पुढची काच एकसंध आहे आणि नंबर सीयूने सुरू होतो, बाकीच्यांचा सीने. एका किटमधून सगळी होत नाहीत, पाठ बदलणं म्हणजे अर्धी बॉडी बदलणं.

रंगाचं पण सालावरच. सुरुवातीची एफएल नुसत्या धातूच्या रंगात होती, १९७१ च्या युद्धात काहींवर घाईने कॅमोफ्लाज आला, शेवटची बायसन करड्या रंगात. एफएल डिसेंबर २०१३ ला कलाईकुंडाहून निवृत्त झालं आणि मिग-२१ पूर्णपणे २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडहून.

खरं विमान बघून फोटो घ्यायचे असतील तर दिल्लीला पालमचं हवाई दल संग्रहालय. मरुत करणाऱ्यांना तेवढं लांब जायला नको, पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जा, वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला मरुत उभं आहे, चाकांच्या खोबणीपर्यंत सगळं निवांत बघता येतं. ओझरच्या विमानतळावर उतरताना खिडकीतून फोटो काढू नका, तो डिफेन्सचा एअरफिल्ड आहे. तेजस मार्क १ए तिथून ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाल्यापासून हा मोह सगळ्यांनाच होतोय, तरी नको.

१३. प्रायमर आणि रंग कोणता? पावसाळ्यात मारलेला पांढरट पडला.

रेझिनवर प्रायमर लागतोच, थेट रंग धरत नाही. हॉबीचा लॅकर प्रायमर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर गाडीच्या रंगाच्या दुकानातला प्रायमर एनसी थिनरने भरपूर पातळ करून एअरब्रशने मारा. घट्ट झालेल्या रेझिनला थिनर खात नाही, म्हणून हे चालतं. किटमधल्या प्लास्टिकच्या पार्टवर मारू नका, ते वितळतील.

पांढरट पडणं म्हणजे हवेतली ओल रंगात अडकली. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकरचं काम बंद ठेवा आणि तोवर घासायची कामं काढा, तशीही ती संपत नाहीत. मारायचाच असेल तर रिटार्डर घातलेला, सावकाश सुकणारा थिनर घ्या. धातूचा रंग करणाऱ्यांनी खाली चकचकीत काळा मारा आणि त्याआधी १५०० च्या पेपरपर्यंत घासा, कारण चंदेरी रंग एकही ओरखडा लपवत नाही.

१४. भारतीय राउंडेल (हवाई दलाची तिरंगी वर्तुळं) किटमध्ये नाहीत, काय करू?

रेडियमवाल्याकडे जा. नंबरप्लेट आणि रिक्षांवरची नावं कापतो तोच. कॉम्प्युटरवर वर्तुळांची फाइल करून द्या, पातळ व्हायनलमध्ये मास्क (रंगवताना बाकीचं झाकायचा चिकट साचा) कापून देतो, मग आधी पूर्ण पांढरं, मध्ये हिरवं, बाहेर केशरी असं मास्क बदलत मारायचं. एवढ्या मोठ्या स्केलला रंगवलेला राउंडेल डिकलपेक्षा (पाण्यात भिजवून लावायच्या चित्रापेक्षा) कितीतरी छान दिसतो. बारीक अक्षरांना मात्र डिकलच, आणि साध्या लेझर प्रिंटरला पांढरा छापता येत नाही हे आधी डोक्यात घ्या, त्याला पांढऱ्या बॅकिंगचा डिकल पेपर लागतो.

१५. कॅनोपी (कॉकपिटवरची काच) पिवळी आहे आणि चिकटवली तर धुरकट झाली.

धुरकटपणा सुपरग्लूच्या वाफेचा. कॅनोपीला फेव्हिकॉल लावा, पुरतो, इथे शिसं नाही (प्रश्न ११). पारदर्शक रेझिन जुनं झालं की पिवळं पडतं आणि ते परत स्वच्छ होत नाही. बनवणारा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून व्हॅक्युमने काढलेली दुसरी कॅनोपी देत असेल तर तीच वापरा.

१६. थ्रीडी प्रिंट केलेलं 'रेझिन किट' घेतलं, त्याला पण हेच सगळं लागू?

नाही. ते यूव्हीने कडक होणारं रेझिन, वेगळी चीज. साबणाऐवजी आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) धुवा, चिकट लागत असेल तर अजून कच्चं आहे, उन्हात फिरवून ठेवा आणि तोवर हातमोजे घाला, कच्च्या रेझिनने त्वचेला अ‍ॅलर्जी होते. ठोकळ्यांऐवजी सपोर्टच्या काड्यांचे डाग असतात आणि लेयरच्या रेषा असतात. ते ठिसूळही असतं, त्यामुळे गरम पाण्याचा उपाय (प्रश्न ९) जपून, आणि ड्रिल मारताना तडकतं. सळया, वजन, पाय, रंग हे मात्र तसंच.

१७. निम्म्या किमतीत तेच किट मिळतंय, घेऊ का?

बहुतेक रीकास्ट असेल, म्हणजे कुणीतरी मूळ किट विकत घेऊन त्याच्या पार्टवरच मोल्ड घेतलाय. ओळखायचं असं: पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेषा) बोथट, बुडबुडे जास्त, आणि माप थोडं कमी, कारण प्रत्येक कास्टिंगला रेझिन किंचित आकसतं. १/३२ च्या बॉडीत ते दोन-चार मिलिमीटर होऊ शकतं, मग मूळ मापाचं कॉकपिट किंवा दुसऱ्या कंपनीचे पाय बसत नाहीत आणि वाचवलेले पैसे तिथे जातात. माझं मत विचाराल तर चोरी आहे, घेऊ नका, कारण हे किट बनवणारी एक-दोन माणसांची वर्कशॉप असतात आणि ती बंद पडली की पुढचं विमान कुणी काढत नाही. तुमचा स्वतःचा एखादा पार्ट तुटला आणि बनवणारा देत नाही, तर दुसऱ्या बाजूच्या सारख्या पार्टवर मोल्ड घेऊन स्वतःपुरता एक काढलात, त्याला कुणी काही म्हणत नाही. डावं-उजवं वेगळं नाही ना एवढं आधी बघा, चाकांच्या दारांना असतं.